पटत नाही, तरी पावती



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना ओळखणारे माझ्यापेक्षा तुम्ही जास्त. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? म्हणून त्यांच्याबद्दल बोलत नाही. त्यांच्यासारखी माणसं जी वस्तू हातात घेऊन गावोगाव हिंडतात, तिच्याबद्दल बोलतो. ती वस्तू म्हणजे पावतीपुस्तक.

पावतीपुस्तक घेऊन दारोदार गेलेल्या माणसाला नकाराचं वाईट वाटत नाही. त्याची सवय होते. त्याला खरी भीती असते ती एका वाक्याची. ‘काम चांगलंय हो तुमचं, पण...’ हा ‘पण’ आला की ओळखावं, हात खिशाकडे निघाला होता तो परत फिरला. पणच्या पुढं काय येतं? ते लोक देव मानत नाहीत म्हणे. किंवा, ते रोज सकाळी प्रार्थना म्हणायला लावतात म्हणे. त्यांचे सर अमक्या पक्षाच्या स्टेजवर दिसले. आरक्षणावर त्यांचं मत आपल्याला पटत नाही. आणि आपल्या बीड जिल्ह्यात तर गेल्या काही वर्षांत आडनाव विचारून मत ठरवायची सवय इतकी वाढली आहे, की पुष्कळदा ‘पण’सुद्धा म्हणावा लागत नाही.

मला आज एवढंच विचारायचं आहे. एखाद्या संस्थेचं काम पटतं, एक मत पटत नाही. तर पावती फाडायची की नाही?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? गावात तर आपण हे रोज करतो. अखंड हरिनाम सप्ताह बसतो. महाराजांचं अर्धं कीर्तन ज्याला पटत नाही, तोही काल्याच्या पंगतीसाठी गव्हाचं पोतं देतो. मूर्तीपुढं हात न जोडणारा माणूस भंडाऱ्यात वाढायला उभा राहतो. त्याला कुणी विचारत नाही आणि तोही खुलासा देत नाही. मग हाच माणूस गावाबाहेरची संस्था आली की इतका कडक का होतो? गावातल्या पंगतीत कोण जेवणार ते आपल्याला दिसतं. संस्थेच्या बाबतीत जेवणारं पोर दिसत नाही, चालवणाऱ्याचं मत तेवढं दिसतं. माझ्या मते सगळी गडबड इथंच आहे.

आता तुम्हाला सव्वाशे वर्षांहून जुनी हकीकत सांगतो. तिच्यात या प्रश्नाच्या सगळ्या बाजू आहेत.

रमाबाई डोंगरे. अनंतशास्त्र्यांची मुलगी. ज्या काळात बाईनं संस्कृत शिकणं लोकांना खपत नव्हतं, त्या काळात शास्त्रीबुवांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. तीर्थयात्रेत वणवण, दुष्काळ, आईबाप गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. लग्न केलं ते बंगाली गृहस्थाशी, तेही १८८२ मध्ये गेले. पदरात लहान मुलगी. पुण्यात येऊन तिनं आर्य महिला समाज काढला, तेव्हा रानडे आणि मंडळी तिच्या पाठीशी होती. (रानड्यांच्या पत्नीही रमाबाईच, घोटाळा करू नका.) पुढं ती विलायतेला गेली आणि १८८३ मध्ये तिनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

पुण्यात काय गहजब झाला असेल, कल्पना करा. जिला आपण सरस्वती म्हणून मिरवलं, तीच गेली! आपल्या मताप्रमाणे धर्म निवडायचा तिला अधिकार आहे, म्हणून तिची बाजू घेणारे जोतीराव फुल्यांसारखे थोडेच. ‘सत्सार’मध्ये १८८५ साली त्यांनी ते छापून मांडलं.

आणि तरीही बघा. १८८९ च्या ११ मार्चला रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, तेव्हा सल्लागार म्हणून कोण उभे राहिले? न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. दोघे प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ. रमाबाईंचं धर्मांतर त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. पैसा बोस्टनच्या बायाबापड्यांचा, संस्था चालवणारी ख्रिस्ती बाई, आणि नाव या दोन हिंदू सुधारकांचं. अट एकच: सदनात धर्माची शिकवण द्यायची नाही. ज्या मुलीचे जे आचार, ते तिनं पाळावेत.

मत पटत नाही, तरी पावती. रुपयांची नव्हे, नावाची. आणि पुण्यासारख्या गावात त्या काळी नाव खर्च करणं रुपये खर्च करण्यापेक्षा महाग होतं. ‘केसरी’ टपूनच बसलेला होता.

चार वर्षं हे चाललं. मग काही मुली रमाबाईंच्या सकाळच्या प्रार्थनेला बसू लागल्याची बातमी फुटली. रमाबाईंचं म्हणणं सरळ होतं: मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचं दार लावून मी प्रार्थना करणार नाही, कुणी आली तर हाकलणार नाही. सल्लागारांचं म्हणणंही सरळ होतं: मग अट कुठं राहिली? ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतलं. ते जाहीर झालं आणि आईबाप, भाऊ, दीर मुलींना घरी न्यायला आले.

रानडे-भांडारकर चुकले का?

मी घाईनं हो म्हणणार नाही. जिला डोकं टेकायला दुसरी जागा नाही अशी चौदा-पंधरा वर्षांची विधवा पोर, जिच्या हातचं जेवते तिच्याच देवापुढं जाऊन बसते, तेव्हा ती आपण होऊन बसली असं म्हणायचं का? अडलेल्या माणसाची निवड किती मोकळी असते? हा प्रश्न खरा होता. आजही खरा आहे, आणि तो एकट्या ख्रिस्ती संस्थांना विचारायचा नाही. ज्या वसतिगृहात जेवणाआधी घोषणा द्यावी लागते, मग ती घोषणा कुठलीही असो, त्या प्रत्येकाला विचारायचा आहे.

शंका बरोबर होती. पण मला खटकतं ते पुढचं. प्रार्थनेची जागा वेगळी ठेवा, पालकांचं पत्र असेल तरच मुलीला येऊ द्या, असा आग्रह धरायला आत कुणीतरी राहायला हवं होतं. तेच तर आत होते! ते निघाले आणि उलट बोलणारं माणूस आत उरलं नाही. पुढं केडगावला ‘मुक्ती’ उभं राहिलं ते उघडपणे ख्रिस्ती. याला राजीनामेच कारण, असं मी म्हणत नाही. कुणाच्या राजीनाम्यानं दिशा ठरवणाऱ्या बाई त्या नव्हत्या. पण एवढं आपण कुठल्याही संस्थेत, पतपेढीपासून राजकीय पक्षापर्यंत, बघतोच की नाही? वेगळ्या मताची माणसं रुसून बाहेर पडली, की आत एकाच मताची माणसं उरतात. मग आपण बाहेरून म्हणतो, बघा, आम्ही म्हणतच होतो!

आणि घरी नेलेल्या मुली? त्या कुठं गेल्या? तत्त्व रानड्यांचं शाबूत राहिलं, श्रद्धा रमाबाईंची शाबूत राहिली, ‘केसरी’चं म्हणणं खरं ठरलं. त्या पोरी मात्र परत माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. या तिन्ही शहाण्यांच्या भांडणात त्यांचं मत कुणी विचारलं होतं का?

हकीकत इथं संपत नाही. शारदा सदनात अगदी सुरुवातीला आलेल्या विधवांत एक होती गोदूबाई जोशी, देवरुखची. तिचा भाऊ नरहरपंत आणि धोंडो केशव कर्वे हे मित्र. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांची पहिली बायको १८९१ मध्ये वारली होती. ११ मार्च १८९३ ला, म्हणजे राजीनाम्यांच्या पाच महिने आधी, कर्व्यांनी गोदूबाईशी लग्न केलं. ती आनंदीबाई झाली. आपण तिला बाया कर्वे म्हणून ओळखतो. कर्व्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला.

हा माणूस तीन वर्षांनी, १४ जून १८९६ ला, अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन करतो. साठवलेले हजार रुपये स्वतः घालतो. अध्यक्ष कोण? डॉ. भांडारकर! शारदा सदनातून बाहेर पडलेलेच भांडारकर. मघाशी मी त्यांच्यावर टीका केली, आता त्यांचं देणंही मान्य करतो. ते नुसते निघून गेले नाहीत. बाहेर पडल्यावर ज्या कामाची जागा रिकामी राहिली होती, त्या कामाला त्यांनी पुन्हा नाव दिलं. मधली तीन वर्षं कोरडी गेली, ती गेलीच.

आता कर्व्यांची अडचण बघा. स्वतः विधवेशी लग्न केलेलं. विधवाविवाहाची मंडळी स्वतः चालवलेली. आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा मागायचा तो कुणाकडं? ज्या मध्यमवर्गी ब्राह्मण घरांत विधवेचं शिक्षण एकवेळ चालेल, पण पुनर्विवाह म्हणजे महापाप, त्या घरांकडं. कर्व्यांनी काय केलं? आश्रम विधवाविवाहाचा प्रचार करणार नाही, असं ठरवलं. मुलींना शिकवायचं, पायावर उभं करायचं. लग्नाचं त्यांचं त्यांनी बघावं. म्हणजे दात्याला न पटणारं स्वतःचं मत या माणसानं आश्रमाच्या फाटकाबाहेर काढून ठेवलं. १९०० साली आश्रम पुण्यातून हिंगण्याच्या माळावर गेला. जमीन दिली रावबहादूर गोखल्यांनी. कर्वे हिंगणे ते फर्ग्युसन पायी ये-जा करायचे.

हे ऐकताना आपण माना डोलावतो. काय व्यवहारी माणूस! पण थांबा. याची किंमत कुणी दिली? बायानं. पुनर्विवाह केलेली बाई आश्रमात वावरताना दिसली तर सनातनी दाते बिथरतील, म्हणून नवऱ्यानं विधवांसाठी काढलेल्या संस्थेत तिचाच वावर सुरुवातीच्या काळात नको होता. विधवा असताना जिला सदनानं घेतलं, लग्न झाल्यावर तिलाच आश्रमानं लांब ठेवलं. आणि तरी तिनं आश्रमासाठी वर्गणी गोळा केली. ‘माझे पुराण’ या तिच्या आत्मकथेत ही सल आहे. आयाबायांनो, सवड मिळाली तर ते पुस्तक जरूर वाचा. महर्षी कर्व्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला महर्षी कसे दिसत होते, ते त्यात कळतं.

म्हणून देणगी देणाऱ्यांना माझं सांगणं हे. तुमचा मतभेद फुकटचा नसतो. ‘मला हे पटत नाही’ असं तुम्ही जरा मोठ्यानं म्हणालात, तर संस्थेत कुणाला तरी दाराआड उभं राहावं लागतं. म्हणा, अवश्य म्हणा. पण दाराआड कोण गेलं ते बघायला एकदा जा.

आणखी एक बाई सांगतो. बायाची धाकटी बहीण, पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षाच्या सुमारास विधवा. केशवपन केलेलं, आलवण नेसलेलं. बहिणीनं पुनर्विवाह केला होता, हिला स्वतःसाठी तो मार्ग मान्य नव्हता. आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी हिंदुस्थानभर पैसा कुणी गोळा केला? हिनं. जुन्या घरातल्या लोकांना ही आपल्यातली वाटायची. ज्या दारातून बायाला हाकललं असतं, त्या दारात हिला पाट मिळायचा. एका घरातल्या दोन बहिणी, आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या प्रश्नावर दोघींची दोन टोकं, आणि पावतीपुस्तक एकच! १९१२ साली पार्वतीबाईंनी केशवपन सोडलं. पुढं मोडक्या इंग्रजीवर अमेरिकेला गेल्या, लोकांच्या घरी भांडी घासली. पुनर्विवाहाबद्दलचं त्यांचं मत बदललं असं मात्र मी सांगणार नाही. ते बदलायलाच हवं होतं, असंही नाही. आश्रमाला त्यांचं मत नको होतं, पाय हवे होते. आणि ते पाय चालले!

आता उलट बाजू. मत पटलं नाही म्हणून मदत तोडली, असं सरकार करतं तेव्हा काय होतं? कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याला माहीत आहेत. कोल्हापूरला शिकताना ते जैन बोर्डिंगात राहायचे. ही बोर्डिंगं शाहू महाराजांच्या आधारानं चालायची. मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, ज्याचं त्याचं वेगळं. जात जावी म्हणणारा राजा जातवार बोर्डिंगं का काढतो? कारण त्या वेळी पोराला रात्री पाठ टेकायला जागा त्या मार्गानंच मिळत होती. भाऊरावांचं तिथल्या शिस्तीशी जमलं नाही, बाहेर पडावं लागलं. पुढं १९२४ साली त्यांनी साताऱ्यात स्वतःचं बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची पोरं एका चुलीवर, एका पंगतीत.

तर या भाऊरावांनी गांधीहत्येनंतरच्या दिवसांत सरकारवर जाहीर टीका केली आणि खेर मंत्रिमंडळानं त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचं अनुदान बंद केलं. बोलले भाऊराव, उपाशी राहायची वेळ आली पोरांवर. मग मुख्यमंत्र्यांकडं रदबदली कुणी केली? गाडगेबाबांनी. अनुदान पुन्हा सुरू झालं.

गाडगेबाबांचं नाव आलंच आहे तर थोडं थांबतो. तीर्थात धोंडा-पाणी आहे म्हणून कीर्तनात सांगणारा हा माणूस. नवस, पशुबळी, उतारे-अंगारे, कशालाही सोडलं नाही. आणि धर्मशाळा कुठं बांधल्या? पंढरपूर, नाशिक, आळंदी. अहो, ज्या यात्रेवर टीका करता तिथल्याच यात्रेकरूंची सोय करता? बाबा म्हणाले असते, यात्रेला माणूस येणार तो येणारच. तो पावसात का भिजावा? (हे वाक्य माझं आहे, बाबांच्या नावावर खपवत नाही.) पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबासाहेबांची आणि त्यांची वाट एक नव्हती. एक कीर्तनात गोपाला गोपाला करणारा, दुसरा हिंदू धर्म सोडणार असं चौदा वर्षांपूर्वी येवल्याला जाहीर करून बसलेला. धर्मशाळा देताना बाबांना ते आठवलं नसेल? आठवलं असणारच.

मग कुठंच थांबायचं नाही का? जिथं मत हीच फी आहे, तिथं थांबायचं. नाव बदल, मग जेवण. देव बदल, मग गादी. अमक्याचा जयजयकार कर, मग वह्या. असं असेल तर संस्थेचं काम चांगलं आणि मत वाईट, असे दोन भाग पाडताच येत नाहीत. ते मत पोराच्या ताटात आलेलं असतं. तिथं पावती फाडू नका. पण चालवणाऱ्याचं मत त्याच्या भाषणात आहे, त्याच्या भिंतीवरच्या फोटोत आहे, पोराच्या ताटात नाही, तर त्या मतावरून पोराला उपाशी ठेवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आता आपल्याकडं या. दसरा-दिवाळी झाली की आपल्या तालुक्यातून ट्रक, ट्रॅक्टर भरून ऊसतोडीचे कोयते निघतात. मुकादमाची उचल घेतलेली, ती फेडायला नवरा-बायको दोघं फडावर. पोरं एक तर बरोबर जातात आणि शाळा सुटते, नाही तर आजीजवळ राहतात आणि आजीला दिसत नाही. पट्टा पडेपर्यंत, फाल्गुन-चैत्रापर्यंत, या पोरांचं काय? सरकारी हंगामी वसतिगृहं आहेत; चालली तर चालली. बाकी आर्वीचं शांतिवन, गेवराईचं बालग्राम, तिकडं अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहियांनी उभं केलेलं मानवलोक, ही नावं तुम्हाला माहीत आहेत. कुणाचा पिंड समाजवादी, कुणाचा आणखी कसला. शिवाय संघविचाराच्या संस्था आहेत, मिशनच्या आहेत, मठांच्या आहेत. या सगळ्यांशी सगळ्या बाबतींत पटणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला तर त्याला स्वतःचं मत नसावं.

तेव्हा उद्या दारात पावतीपुस्तक येईल, तेव्हा मत विचारू नका. ते गावाला आधीच माहीत असतं. दुसऱ्या गोष्टी विचारा. तुमच्याकडं न मानणारं पोर आहे का, आणि त्याचं ताट इतरांसारखंच वाढता का? मी आगाऊ न सांगता एखाद्या दिवशी दुपारच्या जेवणाला आलो तर चालेल का? हिशोब तपासून घेता का, आणि तो बघायला मिळेल का? ‘हो’ म्हणाले तर पावती फाडा, आणि पावती हातात घेतल्यावर सांगा, साहेब, तुमचं अमुक मत मला पटत नाही. पैसे देण्याआधी सांगितलंत तर ती अट होते. नंतर सांगितलंत तर तो मतभेद राहतो. चालवणाऱ्याला हा फरक बरोबर कळतो.

आणि ‘नाही’ म्हणाले, तर देऊ नका. पण मग त्याच संध्याकाळी पारावर बसून ठरवा: आपल्या गल्लीतलं जे पोर तिथं जाणार होतं, ते यंदाच्या हंगामात कुणाच्या घरी जेवणार, कुणाच्या ओसरीवर झोपणार, आणि शाळेत त्याच्या नावापुढं पालक म्हणून सही कोण करणार. भांडारकरांना तीन वर्षं लागली. आपला हंगाम पाच-सहा महिन्यांचा आहे.

 प्रश्न असतील तर खुशाल विचारा. मागच्या बाजूला बसलेल्या मुलींपासून सुरुवात करू.